घरच्या काट्यावर वजन रोज वेगळं येतं: चूक काट्याची की बदल शरीरातला, हे कसं शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "काल ६८.२ होतं, आज ६९.४. खाणं नेहमीसारखंच, मग एका रात्रीत सव्वा किलो आलं कुठून?" पंधरा दिवसांनी तीच व्यक्ती सांगते की महिनाभर घाम गाळला तरी आकडा जागचा हलत नाही. मग कुणी काट्यावर राग काढून तो पलंगाखाली सरकवतो, तर कुणी स्वतःवर राग काढून रात्रीचं जेवण सोडतो. या दोन्ही गोष्टी करण्याआधी थोडं थांबा.

आकडा दोन कारणांनी हलतो. एक तर काटा चुकतो, नाही तर शरीराचं वजन खरोखरच बदललेलं असतं. दोन्ही कारणं एकाच वेळी लागू असली की गोंधळ होतो, म्हणून आधी काटा तपासायचा आणि मग शरीराकडे वळायचं. काट्याची तपासणी पंधरा-वीस मिनिटांत उरकते. शरीराचा अंदाज यायला काही आठवडे जातात, आणि काट्यावर भरवसा नसेल तर ते आठवडे फुकट जातात.

पहिली चाचणी: लागोपाठ पाच वेळा

काट्यावर उभे राहा, आकडा स्थिर झाला की लिहून घ्या, खाली उतरा, पडदा विझू द्या, पुन्हा चढा. असं पाच वेळा करा. मध्ये पाणी प्यायचं नाही, बाथरूमला जायचं नाही, कपडे बदलायचे नाहीत. पाच-सात मिनिटांत शरीराचं वजन मोजण्याइतकं बदलत नाही, त्यामुळे आकड्यांत जो फरक दिसेल तो काट्याचा किंवा जागेचा. १००-२०० ग्रॅम इकडेतिकडे झालं तर घरगुती काट्यासाठी ठीक आहे. अर्धा किलो किंवा त्याहून जास्त फरक पडत असेल तर शरीराविषयी कोणताही निष्कर्ष काढू नका, दोष अजून खाली आहे.

या चाचणीत एक फसगत होते, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. बऱ्याच डिजिटल काट्यांना शेवटचा आकडा लक्षात राहतो. नवं वजन त्या आकड्याच्या अगदी जवळ आलं तर काटा नवं वजन न दाखवता जुनाच आकडा पुन्हा दाखवतो. ग्राहकाला काटा 'पक्का' वाटावा म्हणून केलेली ही सोय आहे. त्यामुळे पाचही वेळा ६८.२ आलं म्हणून लगेच खूश होऊ नका. दोन मोजण्यांच्या मध्ये पाण्याने भरलेली बादली किंवा जड पिशवी हातात घेऊन एकदा काट्यावर चढा. काट्याला नवा आकडा लक्षात ठेवावा लागतो आणि जुना पुसला जातो. मग पिशवी ठेवून पुन्हा स्वतःचं वजन घ्या. असे घेतलेले आकडे जुळले तरच ते खरे जुळले. आठवडाभर आकडा दशांशासकट तोच राहतो, अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हेच करून बघा.

जागा

घरच्या काट्यांतल्या बहुतेक चुका जागेच्या असतात, म्हणून इथे जरा जास्त वेळ द्या.

डिजिटल काटा उलटा करून बघा. चार कोपऱ्यांत चार पाय दिसतील. हे पाय म्हणजेच वजन ओळखणारे सेन्सर. प्रत्येक पायामागे धातूची छोटी पट्टी असते आणि त्या पट्टीवर केसासारखी बारीक वाहक रेघ चिकटवलेली असते. भार पडला की पट्टी किंचित वाकते, रेघ ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो, आणि चारही पायांकडून आलेला बदल एकत्र करून काटा किलोचा आकडा काढतो. म्हणजे तुमचं सगळं वजन या चार पायांमधूनच जमिनीवर गेलं पाहिजे. दुसऱ्या कुठल्याही वाटेने गेलेलं वजन काट्याला कळत नाही.

गालिच्यावर नेमकं हेच होतं. पाय मऊ भागात रुततात, काट्याचं पोट गालिच्याला टेकतं आणि भाराचा काही भाग सेन्सर चुकवून थेट खाली जातो. आकडा बहुतेक वेळा कमी दिसतो, पण किती कमी हे प्रत्येक वेळी वेगळं असतं, त्यामुळे 'दोन किलो मिळवायचे' असा हिशेब चालत नाही. पायपुसणं, रबरी चटई, जाड सतरंजी यांवरही तेच. घरभर गालिचाच असेल तर खाली जाड, न वाकणारी फळी टाकून त्यावर काटा ठेवा. फरशीला येणारी अचूकता नाही मिळणार, पण आकड्यांची उडी बरीच कमी होईल.

फरशीवरही एक अडचण असते. दोन फरश्यांच्या सांध्यातल्या खाचेवर काट्याचा एक पाय आला की तो अधांतरी राहतो. ओळखायला सोपं आहे: काट्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीने बोटाने दाब द्या. जरा जरी डुगडुगला, 'टक' असा आवाज आला, तर ती जागा चुकीची. काटा चार बोटं सरकवा आणि पुन्हा दाबून बघा. बाथरूमची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते, तीही टाळा. शिवाय तिथला ओलावा काट्याच्या आतल्या जोडण्यांना मानवत नाही, आणि ओल्या काचेवर पाय घसरतो तो वेगळाच.

जागा सापडली की काट्याचे दोन कोपरे जिथे येतात तिथे जमिनीवर चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून ठेवा. केर काढताना काटा हलला तरी परत तिथेच बसेल. इतकं केलं तरी पुष्कळांची 'रोज एक किलोचा फरक' ही तक्रार अर्धीअधिक मिटते.

शून्य

काटा उचलून ठेवला, उभा करून भिंतीला टेकवला, दुसऱ्या खोलीत नेला, की त्याचं शून्य बिघडू शकतं. त्यानंतरचं पहिलं वजन धरायचं नाही. काटा जागेवर ठेवा, पायाने मध्यभागी हलकं दाबून सोडा, पडद्यावर ०.० येऊन तो विझू द्या, मग चढा. चढल्याबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या काट्यांनाही ही एक पायरी लागते, कारण ते आधी साठवलेल्या शून्यावरूनच मोजतात. रोज काटा कपाटातून काढून वजन घेणाऱ्यांनी याकडे नक्की लक्ष द्यावं. थंड खोलीतून उबदार खोलीत आणला असेल तर अर्धा तास तसाच राहू द्या, सेन्सरवर तापमानाचा परिणाम होतो.

काटा स्प्रिंगचा असेल तर चढण्याआधी सुई शून्यावर आहे का ते बघून बाजूच्या चाकाने जुळवा. सुई नेहमी सरळ वरून वाचायला हवी. एका बाजूला मान वाकवून पाहिलं की आकडा अर्धा-एक किलोने चुकतो.

बॅटरी, एकक आणि उभं राहण्याची पद्धत

बॅटरी उतरत आली की काही काटे सरळ तसं सांगतात, काही सांगत नाहीत आणि आकडा स्थिर व्हायला नुसते वेळ लावतात. अंक बराच वेळ नाचत राहिले किंवा पडदा फिका दिसला तर आधी बॅटरी बदला, तिच्या खोबणीतले पत्रे कोरड्या कापडाने पुसा.

आकडा एकदम दुपटीहून जास्त आला तर घाबरू नका. काट्याच्या तळाशी एकक बदलण्याचं छोटं बटण असतं आणि उचलताना ते दाबलं जातं. एक किलो म्हणजे २.२०४६ पौंड, म्हणजे ६८ किलोचा माणूस १५० दिसतो.

उभं राहताना दोन्ही पाय मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर ठेवा, वजन टाचांवर आणि चवड्यांवर सारखं, हात मोकळे, नजर समोर. आकडा वाचायला पुढे वाकायचं नाही, तो स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मग फक्त डोळे खाली न्यायचे. तोल जातो म्हणून भिंतीला किंवा बेसिनला बोट टेकवलं तरी काही भार तिकडे जातो. ज्यांना आधाराशिवाय उभं राहणं शक्य नाही त्यांच्यासाठी घरच्या काट्यावर विसंबू नये, खुर्चीचा काटा असलेल्या ठिकाणी वजन करावं.

आकडा स्थिर आहे, पण बरोबर आहे का?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा काटा दर वेळी न चुकता दीड किलो जास्त दाखवू शकतो. वजन वाढतंय की उतरतंय एवढंच बघायचं असेल तर असा काटाही चालतो, कारण चूक दोन्ही बाजूंना सारखीच पडते. पण औषधाचं प्रमाण वजनावर ठरत असेल तर खरा आकडाच हवा.

घरच्या घरी तपासायला पाण्यासारखं सोपं साधन नाही. एक लिटर पाण्याचं वजन खोलीच्या तापमानाला जवळजवळ एक किलो भरतं (२० अंश सेल्सियसला ९९८ ग्रॅम). पण नुसती बाटली काट्यावर ठेवून उपयोग नाही. पुष्कळ काटे काही किलोंच्या खालचं वजन ओळखतच नाहीत, आणि पाच किलोला बरोबर असलेला काटा सत्तर किलोला चुकू शकतो. म्हणून आधी स्वतःचं वजन घ्या. मग एकूण पाच लिटर पाणी असलेल्या बंद बाटल्या पिशवीत घालून, पिशवी अंगाशी धरून पुन्हा चढा. फरक पाच किलो आणि रिकाम्या बाटल्या-पिशवीचं वजन, एवढा यायला हवा. काटा ज्या टप्प्यात रोज वापरला जातो त्याच टप्प्यातला फरक तो ओळखतो की नाही, हे यातून कळतं. वजन उतरवणाऱ्याला याच गोष्टीची खात्री हवी असते.

एवढ्याने काट्याचा मूळ आकडा खरा ठरत नाही. त्यासाठी दवाखान्यातला प्रमाणित काटा गाठावा लागतो. घरी वजन करा, तेच कपडे घालून लगेच तिथे जा, तिथे चप्पल काढून वजन करा, आणि जो फरक येईल तो घरच्या काट्याच्या तळाशी कागदावर लिहून चिकटवा. सकाळचं उपाशीपोटीचं घरचं वजन आणि दुपारचं जेवणानंतरचं दवाखान्यातलं वजन यांची तुलना करून काट्याला खोटं ठरवू नका. कपडे, खिशातला फोन आणि जेवण मिळून दोन किलोचा फरक सहज पडतो.

जाता जाता एक गोष्ट. स्प्रिंग किंवा सेन्सरचा काटा खरं तर वस्तुमान मोजत नाही, पृथ्वी तुम्हाला किती जोराने ओढते ते मोजतो. ही ओढ विषुववृत्तावर ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे सुमारे अर्धा टक्का फरकाची. सत्तर किलोच्या माणसाला तो साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पडतो. एका घरात राहून वजन करणाऱ्याला याने काहीच फरक पडत नाही.

काटा ठीक निघाला, तरी आकडा हलतोच

आता शरीराकडे वळू. इथे सगळ्यात आधी एक हिशेब लक्षात घ्या. एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. एका रात्रीत एक किलो चरबी वाढायची तर रोजच्या गरजेवर आणखी ७७०० किलोकॅलरी खाव्या लागतील, म्हणजे बहुतेक प्रौढांच्या तीन-चार दिवसांच्या अन्नाएवढं वरचं खाणं. ते कुणी खाल्लेलं नसतं. त्यामुळे एका दिवसात आलेला किलो चरबीचा नसतो, आणि एका दिवसात गेलेला किलोही नसतो. तो पाण्याचा आणि पोटातल्या अन्नाचा असतो.

दिवसभरात अर्ध्या किलोपासून दोन किलोंपर्यंत चढउतार निरोगी माणसातही होतो. खारट जेवण झालं की सोडियम पाणी धरून ठेवतं आणि दुसऱ्या सकाळी आकडा वर दिसतो. पिष्टमय पदार्थ शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठतात. स्नायू आणि यकृत मिळून हा साठा अर्ध्या किलोच्या आसपास असतो, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकतं. म्हणूनच पिष्टमय पदार्थ एकदम बंद केले की पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो झरझर उतरतात, आणि पुन्हा खायला लागल्यावर तितक्याच झपाट्याने परत येतात. ती वाढ बघून हातपाय गाळणारे फार भेटतात. त्यांना मनापासून सांगावंसं वाटतं की तुमची मेहनत कुठेही गेलेली नाही, साठ्यात पाणी परत भरलं आहे, इतकंच.

नवा व्यायाम सुरू केला की पहिले काही दिवस वजन वाढूही शकतं. दुखऱ्या स्नायूंत दुरुस्ती चालू असते आणि तिथे पाणी जमतं. क्रिएटिन (व्यायाम करणारे घेतात ते पूरक) घेणाऱ्यांचं वजनही सुरुवातीला एक-दोन किलोने वाढतं, तेही पाण्यामुळेच. पोट साफ झालं नसेल तर त्याचाही हिशेब आकड्यात येतो. मासिक पाळी येणाऱ्यांमध्ये पाळीच्या आधीच्या दिवसांत आणि पाळी सुरू होताना शरीर पाणी धरून ठेवतं, आणि आकडा एक-दोन किलोंनी वर जाऊ शकतो. त्यांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी दर महिन्याला विनाकारण खचतात.

आणि झोपेत काहीही न करता वजन घटतं ते कसं? श्वासातून आणि त्वचेतून सतत पाण्याची वाफ जाते, उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बनही जातो. इटलीतल्या पादुआचा वैद्य सांतोरिओ (१५६१-१६३६) याने काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षे स्वतःचं वजन केलं, पोटात गेलेलं आणि बाहेर टाकलेलं सगळं तोललं. मलमूत्राचं वजन खाण्यापिण्याच्या मानाने बरंच कमी भरतं आणि उरलेलं न दिसता निघून जातं, हे त्याने मोजून दाखवलं. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर वजन करून बघितलं की हेच तुम्हालाही दिसेल.

मग वजन कधी करायचं?

सकाळी उठून, बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, अंगावर कमीत कमी आणि रोज तेवढेच कपडे असताना. ओल्या केसांनी नको. उशिरा उठलात, रात्रपाळी झाली, प्रवास झाला, तर त्या दिवसाचा आकडा लिहून पुढे खूण करा, म्हणजे नंतर बघताना तो का वेगळा आहे हे कळेल. दिवसातून तीन-चार वेळा वजन करण्यात काही अर्थ नाही.

एका आकड्यावर नको, सरासरीवर बघा

समजा पहिल्या आठवड्याचे सोमवार ते रविवार आकडे असे आले: ७२.४, ७२.९, ७२.१, ७३.०, ७२.६, ७२.२, ७२.५. दुसऱ्या आठवड्याचे: ७२.७, ७२.०, ७२.३, ७१.९, ७२.६, ७२.१, ७१.८.

जो फक्त सोमवारी वजन करतो त्याला ७२.४ वरून ७२.७ दिसतं, म्हणजे तीनशे ग्रॅम वाढ. जो फक्त रविवारी करतो त्याला ७२.५ वरून ७१.८ दिसतं, म्हणजे सातशे ग्रॅम घट. माणूस तोच, काटा तोच. सात दिवसांची सरासरी काढली तर पहिला आठवडा ७२.५३ आणि दुसरा ७२.२०. घट सुमारे ३३० ग्रॅमची. रोज वजन करण्याचा उपयोग इथे आहे: रोजचा आकडा फक्त सरासरीत टाकण्यासाठी घ्यायचा, त्यावरून आजचा दिवस चांगला की वाईट ठरवायचं नाही.

आठवड्याची वाट न बघता रोज कल बघायचा असेल तर आणखी एक रीत आहे. कालचा कल घ्या (पहिल्या दिवशी त्या दिवसाचं वजनच कल धरा), आजच्या वजनातून तो वजा करा, फरकाचा दहावा भाग कलात मिळवा. कालचा कल ७२.५ आणि आजचं वजन ७३.१ असेल तर फरक ०.६, त्याचा दहावा भाग ०.०६, आजचा कल ७२.५६. काटा सहाशे ग्रॅम उडाला तरी कल साठ ग्रॅमच सरकतो. खरोखर वजन वाढत असेल तर तो रोज थोडा थोडा वर जात राहील आणि दोन-तीन आठवड्यांत दिसेलच.

रोजचा आकडा बघून ज्यांची झोप उडते, जेवण तुटतं, किंवा ज्यांना खाण्याच्या विकाराचा त्रास आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी रोज वजन करू नये. किती दिवसांनी करायचं, आणि करायचंच का, हे त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

स्मार्ट काट्याच्या दोन तक्रारी

घरात दोघांचं वजन जवळपास सारखं असेल तर ॲप एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर टाकतं, आणि आलेखात अचानक खड्डा किंवा उंचवटा दिसतो. तो आकडा ॲपमध्ये जाऊन योग्य नावावर टाका आणि पुढे वजन करताना आधी नाव निवडा. दुसरी तक्रार चरबीच्या टक्क्यांची. काटा तळपायांतून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह सोडतो आणि मिळालेला रोध, वय, उंची यांवरून अंदाज बांधतो. अंगात पाणी कमी-जास्त झालं, तळवे कोरडे किंवा ओले असले की टक्का बदलतो. एका दिवसाच्या टक्क्याला किंमत देऊ नका. पेसमेकर बसवलेल्यांनी हा प्रवाहाचा भाग वापरू नये, नुसतं वजन करावं.

काट्याला दोष न देता डॉक्टरांना दाखवण्याची वेळ

हृदय कमजोर असल्याचं निदान झालेल्यांचं वजन एका दिवसात एक-दीड किलोने किंवा आठवड्यात दोन-सव्वादोन किलोने वाढलं तर ते अंगात पाणी साठत असल्याचं लक्षण असू शकतं. पायांवर सूज किंवा धाप असेल तर अजिबात थांबू नका. इथे सरासरीची वाट बघायची नसते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी त्यांच्या डॉक्टरांनी दिलेली मर्यादा पाळावी. आणि प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलो, तर कारण शोधायलाच हवं.

काटा बदलायचाच असेल तर

जागा, शून्य, बॅटरी सगळं तपासूनही पाच वेळांचे आकडे अर्ध्या किलोच्या वर फिरत असतील, किंवा पाच किलोची पिशवी धरल्यावर फरक चारच येत असेल, तर तो काटा बाजूला काढा. पण लगेच नाही. नवा काटा आणल्यावर आठवडाभर दोन्हींवर रोज एकामागोमाग वजन करा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि सरासरी फरक काढा. जुन्या नोंदींत तो फरक मिळवला किंवा वजा केला की आलेख जिथे होता तिथून पुढे चालू राहतो. जुना काटाच अस्थिर असेल तर मात्र हा फरकही कच्चाच राहील. तेव्हा नव्या काट्याच्या पहिल्या दिवशी वहीत रेघ मारून नोंदी नव्याने सुरू करा.